पडलेला बुंधा: फळ्या निघतील की सरपण?

मे महिन्यात अवकाळीचे वारे सुटले की मराठवाड्यात बांधावरच्या जुन्या बाभळी, लिंब, चिंचा आडव्या होतात. रस्ता रुंदीकरणातही असेच मोठे बुंधे निघतात. पाच-सहा फूट घेराचा ओंडका ‘घेऊन जा’ म्हणून फुकट मिळतो आणि मग वर्षभर गोठ्यामागे उन्हात पडून राहतो. वर्षाने पाहावे तर टोके उकललेली, साल सुटलेली आणि सालीखाली भुंग्याने पाडलेले पीठ. पडला त्या दिवशी हाच ओंडका दाराच्या चौकटीच्या लायकीचा होता. त्याची नासाडी झाली ती त्याच्यातले पाणी चुकीच्या वेगाने गेल्यामुळे.

लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पेशींच्या पोकळ्यांत भरलेले असते, काही पेशींच्या भिंतींत मुरलेले असते. आधी पोकळ्या रिकाम्या होतात. तोवर वजन घटते, पण आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के एवढेच पाणी उरले की भिंती आपले पाणी सोडू लागतात आणि तिथून लाकूड आकसते. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. गाभ्यापासून सालीकडे थोडे आकसते आणि घेराच्या दिशेने त्याच्या दीडपट ते दुप्पट.

बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो, गार होताना ती आकसते आणि चाकाला करकचून आवळते. अख्ख्या ओंडक्याचा बाहेरचा थर सुकताना नेमके हेच करू पाहतो. घेर जास्त आकसतो, आतला भाग तेवढा आकसत नाही. धाव लोखंडाची असते म्हणून टिकते. लाकूड मात्र आडव्या ताणात दुबळे, म्हणून ते सालीपासून गाभ्याकडे उभे फाटते. जाड गोल ओंडका तसाच वाळवला तर तो तडकणारच. त्यात लाकडाच्या जातीचा दोष नाही.

त्यात आपली हवा. लाकडातल्या नळ्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे कापलेल्या टोकातून पाणी बाजूच्या पृष्ठभागाच्या मानाने दहा-बारापट वेगाने निघते. मे महिन्यातल्या दुपारी तापमान ४२ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांवर असली, तर त्या हवेशी जुळवून घेताना लाकूड पाच टक्क्यांच्याही खाली सुकू पाहते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के असताना तेच लाकूड १५-१६ टक्क्यांवर थांबते. म्हणून उन्हाळ्यात कापलेल्या टोकावर दोन-तीन दिवसांत केसासारख्या रेषा दिसतात आणि महिनाभरात त्यांत बोट जाते. कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना ऑइल पेंटचे दोन जाड हात, गरम मेण किंवा डांबर लावावे. शेणमातीचा लेपही चालतो, पण तो वाळून तडकतो, दर तीन-चार दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो. ओंडका सावलीत, दोन आडव्या लाकडांवर उचलून ठेवावा. आमच्या मते बाकी सगळे विसरले तरी चालेल, हे एक काम विसरू नये.

ओंडक्याला हात लावण्याआधी तो कोणाचा हे पाहावे. रस्त्याकडेचे झाड पडले म्हणून ते पहिल्या येणाऱ्याचे होत नाही. ते रस्ता सांभाळणाऱ्या खात्याचे असते, लेखी परवानगी किंवा लिलावाची पावती हवी. साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह ही झाडे तर झाडतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या राज्य कायद्याच्या यादीत आहेत, मग ती स्वतःच्या शेतातली असली तरी. तेव्हा तलाठी आणि वनविभागाकडे आधी विचारावे. आरागिरणीला परवाना लागतो, त्यामुळे चांगला गिरणीवाला माल कुठून आला ते विचारतोच.

आता ओंडका पारखणे. कुऱ्हाडीच्या तुंब्याने दर फुटावर ठोका मारत जावे. भरीव लाकूड खणखणते, पोकळी असेल तिथे आवाज बद्द येतो. जुन्या लिंबात ही पोकळी फार वेळा निघते. मग टोकाकडे नीट पाहावे. बाभळीचा गाभा तांबूस-तपकिरी आणि सालीलगतचा पट्टा पांढुरका. हा पट्टा जितका रुंद तितका कामाचा माल कमी. गाभ्याच्या रंगात एखादा निळसर-काळा डाग किंवा लांबट रेघ दिसली तर तिथेच थांबावे. बाभळीत टॅनिन हा तुरट पदार्थ भरपूर असतो, लोखंड त्याच्या संपर्कात आले की शाईसारखा काळा रंग तयार होतो. म्हणजे त्या रेघेच्या वर-खाली कुठेतरी खिळा, तार किंवा घोड्याची नाल लाकडात गडप झालेली आहे. परदेशात ओकचे ओंडके गोळा करणारेही याच काळ्या डागावर नजर ठेवतात, कारण ओकही टॅनिनचे झाड. बांधावरच्या बाभळीला कुंपणाची तार आणि रस्त्याकडेच्या लिंबाला पाट्यांचे खिळे ठोकलेले असतातच. खोड वाढते तसे ते आत ओढले जातात, वरून काही दिसत नाही. हे लोखंड बहुधा जमिनीपासून पाच-सहा फुटांच्या आत, माणसाचा हात पोहोचेल तिथे सापडते. हातातला मेटल डिटेक्टर मिळाला तर उत्तम. नाहीतर बुडाचा तो भाग सरपणात टाकलेला बरा. एका खिळ्याने आरापट्टीचे दात जातात आणि त्या पट्टीचे पैसे ओंडक्याच्या मालकाकडूनच घेतले जातात.

तोडताना दोन गोष्टींत माणसे दगावतात. एक म्हणजे मुळासकट उपटलेले झाड. खोड कापून वेगळे होताच मुळांचा मातीसकट गड्डा झटक्यात उभा राहून खड्ड्यात परत बसतो. खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कोणी नसावे, मुले तर नाहीतच. गड्डा आधी दोराने बांधून ठेवावा. दुसरी गोष्ट खोडातला ताण. खोड दोन्ही टोकांवर टेकलेले आणि मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली, खालची ताणलेली असते. अशा वेळी वरून एक तृतीयांश कापावे आणि उरलेला काप खालून वर आणावा. एकच टोक टेकलेले असेल तर उलट, आधी खालून आणि मग वरून. क्रम चुकला तर चेन-सॉ कापात आवळली जाते किंवा खोड उभे चिरून उसळते. कापायच्या जागेवरची साल आधी कुऱ्हाडीने काढावी. सालीच्या भेगांत काळी माती आणि मुरूम अडकलेला असतो, त्याने चेनची धार मिनिटात जाते. करवतीतून ढलप्यांऐवजी पीठ पडू लागले की धार गेली असे समजावे.

वजनाचा अंदाज नेहमी कमी पडतो. वखारीतली जुनी रीत अशी: ओंडक्याच्या मध्यावर सुतळीने घेर घ्यायचा, सुतळीची चौघडी करायची, त्या मापाचा वर्ग करून लांबीने गुणायचे. घेर पाच फूट आणि लांबी आठ फूट असेल तर सव्वा गुणिले सव्वा गुणिले आठ, म्हणजे साडेबारा घनफूट. हे माप मुद्दाम कमी धरलेले असते, चिराईतली घट आधीच वजा केल्यासारखे. खरे आकारमान जवळजवळ सोळा घनफूट. ओल्या बाभळीचा घनफूट साधारण ३० किलो भरतो, म्हणजे ओंडका पावणेपाचशे ते पाचशे किलोंचा. तो चार जणांनी उचलायचा नसतो. ट्रॉलीचा तळ मीटरभर उंच धरून तीन मीटर लांबीच्या दोन बळकट वासांची घसरण लावावी. ५०० किलोंच्या ओंडक्याला उतारावर ढकलण्याचा जोर एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १६५ किलो लागतो. दोन दोरांची टोके ट्रॉलीला बांधून ते ओंडक्याखालून घालावेत, वरून परत आणून ट्रॉलीच्या पलीकडून ओढावेत. ओंडका गडगडत वर येतो आणि जोर पुन्हा निम्मा होतो. ओंडक्याच्या उताराच्या बाजूला कोणीही उभे राहायचे नाही आणि दर फुटाला मागे पाचर सरकवत राहायचे. ट्रॅक्टरने ओढायचा असेल तर साखळी मागच्या आसाच्या खाली, हुकालाच बांधावी. उंचावर बांधली तर ओंडका अडताच ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि तो मागे उलटतो.

मे-जूनमध्ये मिळालेला ओंडका पंधरा दिवसांत चिरून घ्यावा. ओली बाभूळ आऱ्याला सोपी जाते, वाळली की दगड होते. आरागिरणीच्या पट्टीत दोन-तीन मिलिमीटर लाकूड भुशात जाते, चेन-सॉने फळ्या पाडल्या तर दर कापाला आठ ते दहा. आठ कापांत जवळजवळ तीन इंच लाकूड उडाले, म्हणजे दोन-तीन फळ्याच गेल्या. म्हणून ओंडका हलवणे शक्य असेल तर गिरणीच बरी. एक इंचाची तयार फळी हवी असेल तर सव्वा इंच चिरावी. अगदी मधला ठिपका ज्या फळीत येईल ती फळी तडकणार हे धरून चालावे. तो भाग चार इंच चौरस ठेवून खांबाला वापरावा. ओंडक्याच्या ५० ते ६० टक्के माल फळ्यांत मिळाला तर चांगली चिराई झाली.

फळ्या रचताना जमिनीपासून फूट-दीड फूट उंची ठेवावी. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दर दीड-दोन फुटांवर, आणि प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या अगदी वर. ही ओळ चुकली की फळीला तिथेच बाक येतो. वर दगडांचे वजन ठेवावे. पत्र्याच्या शेडमध्ये रचत असाल तर पत्रा आणि थप्पी यांत दोन-तीन फूट मोकळे सोडावे आणि पश्चिमेकडून बारदान लावावे. लू थेट लागली तर फळीची वरची कातडी आधी सुकून ताठ होते, आतला ओला भाग नंतर आकसताना आतून फाटतो. फळी वरून निर्दोष दिसते, रंधा मारल्यावर भेगा उघडतात. मृगाच्या सुमारास चिरलेल्या फळ्या पावसाळ्यात सावकाश सुकतात, हे खरे तर सोयीचे आहे. बुरशीचा काळपट थर आला तर तो वरवरचा असतो, थप्पीतून वारा खेळता ठेवावा. ओकबद्दल ‘इंचाला एक वर्ष’ असा ठोकताळा सांगतात, तो थंड मुलुखातला. इथे दिवाळीनंतरचे कोरडे महिने मिळाले की इंची फळी उन्हाळ्याच्या तोंडाशी तयार होते.

बाभळीचा खरा वैरी भुंगा. ज्वारीच्या दाण्याहून बारीक छिद्रे आणि खाली मैद्यासारखे पीठ दिसले की तो आत आहे. पांढुरक्या पट्ट्यातल्या पिष्टावर तो जगतो, गाभ्याकडे सहसा जात नाही. म्हणून साल लगेच काढावी आणि शक्य तिथे पांढरा पट्टा चिरून वेगळा करावा. जुने सुतार औताचे लाकूड डोहात बुडवून ठेवत, त्यामागेही हेच कारण आहे: पाण्यात पिष्ट कुजून निघून जाते आणि लाकूड तडकतही नाही. दोन-तीन महिने दगड ठेवून पूर्ण बुडवावे, अर्धवट बुडालेले लाकूड पाण्याच्या रेषेवर सडते. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात मात्र ओंडका टाकू नये, अस्तर फाटते. पाणी नसेल तर १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवून ओल्या फळ्या बुडवून काढाव्यात आणि दोन-तीन आठवडे प्लास्टिकखाली झाकून ठेवाव्यात. ओल्या लाकडात हे क्षार आपोआप आत झिरपतात, वाळलेल्यात तसे जात नाहीत. पावसात ते धुऊन जातात, म्हणून ही फळी घरातल्या कामालाच वापरावी. हातमोजे घालावेत आणि उरलेले पाणी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये.

चिंचेचा बुंधा फळ्यांसाठी घेऊच नये. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, फळी पिळवटते. पण याच चिवटपणामुळे खाटकाचा ठोकळा, मोगरी आणि लाकडी घाण्याच्या भागांसाठी चिंच नावाजलेली आहे. करडईचे तेल काढणारे घाणे पुन्हा गावोगाव दिसू लागले आहेत, तेव्हा भरीव चिंचेचे तुकडे करण्याआधी एकदा घाणे बनवणाऱ्याला विचारावे.

फांद्या, पोकळ भाग, खिळ्यांचा बुडखा हे सगळे सरपण. ते ओले असतानाच फोडावे. मोठ्या गोल तुकड्याच्या मध्यावर घण घालत बसू नये, आधीच पडलेल्या भेगेत पाचर घालावी आणि कडेकडेने ढलप्या काढत आत जावे. फूटभर लांब आणि मनगटाएवढ्या जाड कांड्या चुलीला बऱ्या.

ओल्या बाभळीच्या १०० किलोंत ३५ ते ४० किलो पाणीच असते. ते नीट वाळल्यावर ७० किलोंच्या आसपास भरते, म्हणून वखारीतून क्विंटलवर ओले जळण घेणारा पाण्याचे पैसे मोजतो. चुलीत हे पाणी वाफ होताना लाकडातल्या उष्णतेचा दहावा हिस्सा खाते. त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे: ज्योत थंड पडते, लाकडातून निघालेले वायू पेट न घेता धूर होऊन जातात, आणि तो धूर स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत व छातीत जातो. पऱ्हाटी-तुराटी आठवड्यात कडक होते, तशी बाभळीची कांडी होत नाही. फोडलेली असली तरी तिला एक पूर्ण उन्हाळा द्यावा. थप्पीतली एक कांडी खूण करून ठेवावी आणि दर आठ दिवसांनी किराणा काट्यावर तोलावी. लागोपाठ दोन वेळा वजन तेच आले की चुलीला लावायला हरकत नाही. याच थप्पीत कण्हेरीच्या फांद्या मिसळू देऊ नयेत, तिचा धूर विषारी असतो.