केफ्री_एसकेबी आणि कन्झ्यूम_एसकेबी: काम एक, अर्थ दोन

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नेटवर्किंग कोडमध्ये पॅकेटची मेमरी सोडणारी दोन फंक्शन्स आहेत: केफ्री_एसकेबी आणि कन्झ्यूम_एसकेबी. एसकेबी म्हणजे पॅकेटसोबत कर्नलभर फिरणारं स्ट्रक्चर. दोन्ही फंक्शन्स त्याचा रेफरन्स काउंट, म्हणजे ते किती जण वापरताहेत तो आकडा, एकने कमी करतात आणि काउंट शून्यावर आला की मेमरी मोकळी करतात. नवा ड्रायव्हर लिहिणारा यांतलं हाताला लागेल ते वापरतो. कोड कंपाइल होतो, पॅकेट्स येतात-जातात, मेमरी गळत नाही. साहजिकच दोन्ही सारखीच वाटतात.

कर्नल बांधताना ट्रेसपॉइंट्सचा (कोडमध्ये पेरलेल्या, हव्या तेव्हा चालू करायच्या नोंद-जागांचा) पर्याय बंद केला, तर ती खरोखरच एक होतात: तेव्हा कन्झ्यूम_एसकेबी नुसतं केफ्री_एसकेबीला हाक मारतं. पॅकेटच्या दृष्टीने दोघांत काहीच फरक नाही. फरक पडतो तो रात्री दोन वाजता हरवलेलं पॅकेट शोधायला बसलेल्या माणसाला.

केफ्री_एसकेबी म्हणजे पॅकेट टाकून दिलं. चेकसम (डेटा बिघडला का ते तपासणारा आकडा) चुकला, ऐकणारं सॉकेट (प्रोग्रामचं नेटवर्कशी जोडलेलं टोक) नव्हतं, रिसीव्ह बफर भरला होता, फायरवॉलने अडवलं. कन्झ्यूम_एसकेबी म्हणजे पॅकेटचं काम झालं, आता त्याची गरज उरली नाही. ही फारकत 2009 मध्ये, 2.6.30 च्या सुमारास, ड्रॉप मॉनिटर या पडलेली पॅकेट्स टिपणाऱ्या कर्नलमधल्या सोयीसोबत आली. पॅकेट नेमकं कुठे गळतंय हे सांगायचं, तर गळणं आणि संपणं आधी वेगळं करणं भागच होतं. नेटस्टॅट या आकडेवारी दाखवणाऱ्या कमांडचे काउंटर किती पॅकेट्स गेली ते सांगतात. कोणतं पॅकेट कोडच्या कोणत्या जागी पडलं, हे त्यांच्याकडून कळत नाही.

मग ही माहिती सरळ लॉगमध्ये का लिहीत नाहीत? कारण वेळच नसतो. 10 गिगाबिटच्या लिंकवर सर्वांत लहान, 64 बाइट्सच्या फ्रेम्स पूर्ण वेगाने आल्या, तर सेकंदाला सुमारे 1 कोटी 48 लाख पॅकेट्स होतात. एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम 67 नॅनोसेकंद येतात. कॅशमध्ये न सापडलेली एखादी गोष्ट मुख्य मेमरीतून आणायची म्हटली, तरी एवढा वेळ संपू शकतो. तिथे प्रिंटकेची, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनची, एक ओळ म्हणजे गळती शोधताना नवी गळती निर्माण करणं.

म्हणून या दोन्ही फंक्शन्समध्ये ट्रेसपॉइंट असतो, प्रत्येकाचा स्वतंत्र. तो बंद असताना एक्स-८६ प्रोसेसरवर त्या जागी मोजक्या बाइट्सची ‘काही करू नको’ अशी सूचना बसलेली असते. ट्रेसिंग सुरू केलं की चालू कर्नलमध्येच तिच्या जागी जंप लिहिली जाते. बंद असताना किंमत जवळजवळ शून्य, चालू असताना मात्र प्रत्येक घटनेमागे खरी किंमत. योग्य फंक्शन निवडण्याचं महत्त्व मला इथेच सर्वांत जास्त वाटतं. धडधाकट मशीनवर पॅकेट पडणं ही क्वचित घडणारी गोष्ट, तर पॅकेट संपणं ही दर पॅकेटला घडणारी. दोन्ही नीट वेगळी असतील, तर केफ्रीचा ट्रेसपॉइंट ऐन कामाच्या मशीनवर बिनधास्त चालू ठेवता येतो, कारण तो क्वचितच पेटतो. सरमिसळ झाली, की त्याच ट्रेसिंगचा भार प्रत्येक पॅकेटवर पडतो.

आता एखाद्या ड्रायव्हरने ट्रान्समिट पूर्ण झाल्यावर केफ्री_एसकेबी वापरलं असं समजा. नेटवर्क कार्डाने पॅकेट तारेवर पाठवलं, सगळं सुरळीत झालं, आणि ड्रायव्हर ‘टाकून दिलं’ असं नोंदवून मोकळा झाला. ड्रॉपवॉच हे ड्रॉप दाखवणारं टूल लावलं, की पाठवलेलं प्रत्येक पॅकेट पडल्यासारखं दिसतं. खऱ्या दहा गळत्या लाखो खोट्या नोंदींखाली गाडल्या जातात. या जागेसाठी नापी_कन्झ्यूम_एसकेबी आहे. ते पॅकेट्स एकत्र साठवून गठ्ठ्याने सोडतं, त्यामुळे वेगही वाढतो. इथे अचूक अर्थ आणि वेग एकाच बाजूला आहेत, तरी जुन्या ड्रायव्हरांत ही चूक राहून जाते.

उलटी चूक मी जास्त गंभीर मानतो. एरर पाथवर, म्हणजे काही चुकल्यावर कोड ज्या वाटेने जातो तिथे, कन्झ्यूम_एसकेबी लिहिलं तर आवाजच होत नाही. पॅकेट नाहीसं झालं, आणि कर्नलच्या नोंदीत ते सुखरूप पोचलेलं आहे. खोटी नोंद निदान दिसते तरी. न झालेल्या नोंदीचा माग कसा काढणार?

नावांचाही एक सापळा आहे. डेव्ह_केफ्री_एसकेबी हे नाव वाचून कुणालाही ते केफ्रीचं भावंड वाटेल, पण तो कन्झ्यूम_एसकेबीचाच मॅक्रो, म्हणजे त्याचंच दुसरं नाव आहे. त्यालाच पुढे ‘एनी’ जोडलं, की डेव्ह_केफ्री_एसकेबी_एनी मात्र ड्रॉप मानलं जातं. हे पाठ करण्यापेक्षा दर वेळी हेडर उघडून पाहावं.

कधी कधी सीमारेषाच धूसर असते. टीसीपीडम्प हे पॅकेट्स टिपून दाखवणारं टूल वापरतं त्या पॅकेट सॉकेटचं उदाहरण घ्या. फिल्टरने ‘हे माझं नाही’ म्हटलं आणि पॅकेट सोडलं, तर ते कन्झ्यूम. सॉकेटचा बफर भरला म्हणून सोडलं, तर तो ड्रॉप. दोन्ही वेळा पॅकेट वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही, पण पहिल्यात ते कुणाला हवंच नव्हतं. माझ्या मते प्रश्न एकच विचारावा: ज्याला हे पॅकेट मिळायला हवं होतं, त्याचं काही गेलं का?

केफ्रीचा ट्रेसपॉइंट जागा सांगतो ती रिटर्न अ‍ॅड्रेसवरून: मला कुणी बोलावलं, एवढंच. पण एकाच फंक्शनमधल्या पाच एरर्स शेवटी एकाच ‘ड्रॉप’ लेबलवर उडी मारत असतील, तर पाचांचा पत्ता एकच येतो. म्हणून 2022 मध्ये, 5.17 पासून, केफ्री_एसकेबी_रीझन आलं आणि सोबत कारणही पाठवता येऊ लागलं: सॉकेट नाही, टीसीपी चेकसम चुकला, बफर भरला. एक जादा आर्ग्युमेंट, आणि तेही मुख्यतः पॅकेट पडण्याच्या वाटेवर; एवढ्या स्वस्तात एवढी माहिती क्वचितच मिळते.

त्याच वर्षी कंपायलरने मात्र घोळ घातला. जीसीसी या कंपायलरने वेगासाठी केफ्री_एसकेबी_रीझनचे दोन तुकडे केले. ट्रेसपॉइंट दुसऱ्या तुकड्यात गेला आणि खऱ्या जागेऐवजी पहिल्या तुकड्याचाच पत्ता सांगू लागला. कोड बरोबर, ऑप्टिमायझेशन नियमात बसणारं, तरी नोंद चुकीची! शेवटी कंपायलरला त्या फंक्शनपुरता तुकडे करायला मज्जाव करावा लागला.

ज्या जागांवर अजून कुणी कारण भरलेलं नाही, तिथे ट्रेसमध्ये ‘नॉट स्पेसिफाइड’ येतं. तुमच्या मशीनवर तेच वारंवार दिसत असेल, तर सोबतच्या पत्त्यावरून ते फंक्शन उघडा. तिथे खरं कारण भरायचं राहिलं आहे, की मुळात कन्झ्यूम हवं होतं, ते कोड वाचल्यावर बहुतेक वेळा लगेच कळतं. दोन्हीसाठी पॅच एका ओळीचाच निघण्याची शक्यता जास्त.