सुटकेनंतरचे पहिले तास

गाझात पाच वर्षं हमासच्या कैदेत असलेला इस्रायली सैनिक गिलाद शालित सुटला त्या दिवशी भेटणाऱ्यांच्या रांगेत त्याच्या वडिलांचा नंबर बराच मागे होता. १८ ऑक्टोबर २०११ रोजी सकाळी हमासने त्याला इजिप्तच्या अधिकाऱ्यांच्या हवाली केलं. तिथे इजिप्शियन टीव्हीने त्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं. धापा टाकत, शब्द शोधत तो कसाबसा बोलला. मग इस्रायली लष्कराचे डॉक्टर, मग हेलिकॉप्टर, तेल नोफ हवाई तळावर पंतप्रधान नेतान्याहू, आणि त्यानंतर कुठे वडील, नोआम शालित. जून २००६मध्ये गाझाच्या सीमेवर पकडला गेला तेव्हा गिलाद १९ वर्षांचा होता. १,९४१ दिवसांनी परतला तो पंचविशीचा होऊन.

ती मुलाखत सरळ सरळ निर्दयपणा होता, असं माझं मत आहे. डॉक्टरांचा नंबर वडिलांच्या आधी लागतो, त्याला मात्र कारणं आहेत.

नोआम यांनी त्याच दिवशी घराबाहेर जमलेल्या पत्रकारांना दोन गोष्टी सांगितल्या : मुलाच्या अंगात घुसलेल्या छर्ऱ्यांच्या जखमांवर नीट उपचार झालेले नाहीत, आणि त्याला ऊन मिळालेलं नाही. दुसरी गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते. पण त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं ते उन्हातल्या अतिनील किरणांच्या एका अरुंद पट्ट्यामुळे, आणि अन्नातून त्याची भरपाई फारच थोडी होते. ऊन बंद झालं की काही महिन्यांत साठा आटतो. आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, हाडं मऊ पडू लागतात, मांड्या आणि खांद्यांचे स्नायू अशक्त होतात. अशा माणसाला जिना चढणंही जड जातं. शिवाय उन्हाची सवय गेलेली त्वचा पहिल्याच दुपारी भाजून निघते. म्हणजे जे मिळालं नाही तेसुद्धा हळूहळूच द्यावं लागतं.

खाण्याचं तर त्याहून नाजूक. सुटून आलेल्या पोरासमोर त्याच्या आवडीचं भरलं ताट ठेवावं, असं कुठल्याही घराला वाटणारच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांपैकी काही जण नेमके अशा पोटभर जेवणानंतर दगावले. दीर्घ उपासमारीत शरीर चरबीवर चालतं, इन्सुलिन खाली गेलेलं असतं आणि पेशींमधलं फॉस्फेट संपत आलेलं असतं. रक्ताच्या तपासणीत मात्र ते ठीकठाक दिसू शकतं. अचानक भात, ब्रेड, साखर पोटात गेली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढून घेतं. रक्तातली पातळी कोसळते. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून बऱ्याच काळाच्या उपाशी माणसाला सुरुवातीला थोडंच अन्न देतात आणि रोज रक्त तपासतात.

आता वडिलांकडे वळू, कारण इतकी वर्षं त्यांचं शरीरही काही निवांत बसलेलं नव्हतं. रेड क्रॉसला गिलादला भेटू दिलं गेलं नाही. २००७मध्ये एक ध्वनिफीत आली, ऑक्टोबर २००९मध्ये जेमतेम अडीच-पावणेतीन मिनिटांची चित्रफीत. बाकी हातात मोजकी पत्रं. माणूस गेलाही नाही आणि आहे असंही म्हणता येत नाही, अशा वियोगाचा अभ्यास पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांपासून सुरू केला. मृत्यूचं दुःख निदान व्यक्त करता येतं, त्याला विधी असतात. इथे तेही नसतं. कराचीच्या तुरुंगात अडकलेल्या पालघरच्या खलाशांच्या घरी हे वेगळं सांगावं लागणार नाही.

लंडनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यात भर घालतो. ४५ जणांना संगणकावरच्या खेळात दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं होतं. साप निघाला की हाताला विजेचा दुखेल असा झटका. डोळ्यांच्या बाहुल्या आणि घाम यांवरून ताण मोजला. झटका बसणार हे नक्की ठाऊक असताना ताण कमी होता. शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सर्वाधिक होता. नोआम त्या निम्म्या-निम्म्यावर पाच वर्षं होते. २०१०च्या उन्हाळ्यात शालित कुटुंबाने घरापासून जेरुसलेमपर्यंत बारा दिवसांची पदयात्रा काढली आणि पंतप्रधानांच्या निवासस्थानाजवळ तंबू ठोकला. राजकारण होतंच त्यात, पण हातात काहीतरी असल्याचा आधारही असणार, असा माझा तर्क.

कैदेत माणसाच्या हातात काहीच नसतं. म्हणूनच परतलेल्याला छोटे निर्णय स्वतः घेऊ देण्यावर मानसतज्ज्ञांचा भर असतो : काय खायचं, कधी झोपायचं, कुणाला भेटायचं. यातला शेवटचा निर्णय घरच्यांना जिव्हारी लागू शकतो. अमेरिकी सैनिक बो बर्गडाल २०१४मध्ये पाच वर्षांनी तालिबानकडून सुटला. त्याच्या वडिलांनी त्याच्यासाठी दाढी वाढवली होती, पश्तो शिकायला घेतली होती. तरी पहिले काही आठवडे तो आई-वडिलांना भेटला नाही. याला कृतघ्नपणा म्हणणाऱ्यांना हा विषय कळलेला नाही.

गिलादच्या बदल्यात १,०२७ पॅलेस्टिनी कैदी सुटले. गाझात आणि पश्चिम किनाऱ्यावरही अनेक बापांना मुलं भेटली, आणि वर लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू होतं.

पुढच्या वर्षांबद्दलचा उत्तम पुरावा इस्रायलमधलाच आहे. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात कैद झालेले इस्रायली सैनिक परतले तेव्हा त्यांच्याकडे संशयाने पाहिलं गेलं, लष्कराने कसून चौकशी केली. झहावा सोलोमन आणि सहकाऱ्यांनी त्यांना अनेक दशकं पुन्हा पुन्हा तपासलं. अनेकांमध्ये मानसिक आघाताची लक्षणं काळाबरोबर ओसरण्याऐवजी वाढत गेली. पुढे त्यांच्या पेशींमधले टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची वयाबरोबर आखूड होणारी टोकं, मोजली गेली. परतल्यानंतर जे एकटे पडले, ज्यांना आधार मिळाला नाही असं वाटत राहिलं, त्यांची टोकं अधिक आखूड निघाली.