नुसेन्झ्वाइग, रूथ

(२० जून १९२८ – १ एप्रिल २०१८). हिवतापाविरुद्धच्या प्रतिरक्षेवरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या ब्राझिलियन-अमेरिकन परजीवीवैज्ञानिक. जन्म व्हिएन्ना येथे, ज्यू डॉक्टर दांपत्याच्या पोटी. माहेरचे आडनाव झोन्टाग. नाझी जर्मनीने ऑस्ट्रियाचा ताबा घेतल्यावर हे कुटुंब ब्राझीलला गेले. साऊँ पाउलू विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना त्यांचा सहाध्यायी व्हिक्टर नुसेन्झ्वाइग यांच्याशी परिचय झाला व पुढे विवाह झाला. पुढील बहुतेक संशोधन या दोघांनी मिळून केले व त्यात कोणाचा वाटा किती हे नेहमीच वेगळे काढता येत नाही.

विद्यार्थिदशेतच त्यांनी शागास रोगाच्या (लॅटिन अमेरिकेत आढळणारा परजीवीजन्य रोग) परजीवीवर (ट्रिपॅनोसोमा क्रुझी) काम केले. दान केलेल्या रक्तात जेन्शियन व्हायोलेट हे रंगद्रव्य मिसळल्यास हा परजीवी मरतो व रक्तातून होणारा प्रसार टळतो, असे १९५३ च्या सुमारास त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखविले. रक्त जांभळट होत असल्याने पद्धत फारशी लोकप्रिय झाली नाही. त्यानंतर पॅरिस येथे काही काळ संशोधन करून त्या न्यूयॉर्क विद्यापीठात आल्या. १९६४ च्या लष्करी उठावानंतर ब्राझीलमधील वातावरण बिघडल्याने हे दांपत्य न्यूयॉर्कमध्येच स्थायिक झाले.

त्यांचे नाव मुख्यतः १९६७ च्या एका प्रयोगाशी जोडले जाते. डासांच्या लाळग्रंथींतील स्पोरोझॉइट (डास चावताना शरीरात शिरणारी परजीवीची अवस्था) क्ष-किरणांनी दुबळे करून उंदरांना टोचले असता, नंतर दिलेल्या जिवंत परजीवींपासून बऱ्याच उंदरांचे रक्षण झाले. जेरोम व्हँडरबर्ग व हॅरी मोस्ट हे या कामातील सहकारी होत.

निष्क्रिय केलेल्या स्पोरोझॉइटांची लस ही कल्पना मूळ कोणाची, याविषयी एकवाक्यता नाही. फ्रान्सच्या सेर्जां बंधूंनी १९१० मध्ये पक्ष्यांच्या हिवतापाचे, शरीराबाहेर काही तास ठेवून क्षीण झालेले स्पोरोझॉइट कॅनरी पक्ष्यांना टोचून पाहिले होते. भारतात मलिगन, रसेल व मोहन यांनी १९४१ मध्ये जंबुपार किरणांनी निष्क्रिय केलेले स्पोरोझॉइट कोंबड्यांना टोचले व त्यांना अंशतः संरक्षण मिळाल्याचे नोंदविले. अग्रक्रमाचा मान त्यामुळे या दोघांपैकी कोणा एका गटाला द्यावा लागतो. मात्र मलिगन गटाने परजीवी मृत मानले होते. १९६७ च्या प्रयोगात परजीवी जिवंत राहून यकृतपेशींत शिरतो, पण तेथे त्याची वाढ खुंटते. किरणांची मात्रा कमी पडली तर रोग होतो, जास्त झाली तर प्रतिरक्षाच निर्माण होत नाही. या बारकाव्यात नुसेन्झ्वाइग यांचे खरे श्रेय आहे असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सस्तन प्राण्यांतील यशामुळेच मानवी चाचणीचा विचार पुढे आला. डेव्हिड क्लाइड व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये स्वयंसेवकांना किरणित डास चाववून मानवातही संरक्षण मिळते हे दाखविले. मात्र त्यासाठी शेकडो डास लागत, आणि लाळग्रंथी विच्छेदून लस बनविणे व्यवहार्य नव्हते.

पुढचा प्रश्न ही प्रतिरक्षा नेमकी कोणत्या प्रतिजनाविरुद्ध (प्रतिरक्षा जागविणारा परजीवीचा घटक) असते, हा होता. प्रतिरक्षित उंदरांच्या रक्तद्रवात ठेवलेल्या स्पोरोझॉइटांवर शेपटीसारखा अवक्षेप तयार होतो. त्याला ‘सर्कमस्पोरोझॉइट अवक्षेपण’ म्हणतात. १९८० मध्ये मोनोक्लोनल प्रतिपिंडांच्या (एकाच प्रतिजनाला चिकटणारी एकसारखी प्रतिपिंडे) साहाय्याने त्यामागील पृष्ठप्रथिन ओळखले गेले. १९८४ मध्ये प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरमच्या (मानवी हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी) या प्रथिनाचे जनुक दोन गटांनी जवळपास एकाच वेळी वेगळे केले. त्यांपैकी एक न्यूयॉर्क विद्यापीठाचा होता. चार ॲमिनो अम्लांचा क्रम वारंवार येणे हे त्याचे वैशिष्ट्य.

संरक्षण प्रतिपिंडांमुळे की टी-पेशींमुळे (प्रतिरक्षेतील एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी), हा वाद मात्र दीर्घकाळ चालला. १९८७ मध्ये नुसेन्झ्वाइग यांच्याच गटाने सीडी८ टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी) व गॅमा इंटरफेरॉन (प्रतिरक्षापेशींनी स्रवलेले संदेशवाहक प्रथिन) यांचे महत्त्व दाखविले. आज दोन्हींचा वाटा मान्य केला जातो.

याच प्रथिनाचा अंश यकृतशोथ ब विषाणूच्या पृष्ठप्रथिनाशी जोडून आरटीएस,एस ही लस तयार झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिची शिफारस केली. ऑक्सफर्ड विद्यापीठ व पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांच्या आर२१ लसीची शिफारस २०२३ मध्ये झाली. पहिली शिफारसही रूथ यांना पाहता आली नाही.

व्हिक्टर नुसेन्झ्वाइग व हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाच्या शोधक चिनी वैज्ञानिक तू यूयू यांच्यासोबत त्यांना २०१५ चा वॉरन अल्पर्ट पुरस्कार मिळाला. पुत्र मिशेल हेही नामवंत प्रतिरक्षावैज्ञानिक आहेत. न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.