धंदा रक्तातच असावा लागतो?

‘धंदा रक्तातच असावा लागतो, नोकरदाराच्या मुलांचं ते काम नव्हे,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो अगदीच निराधार नाही. व्यावसायिकांची मुलं व्यवसायाकडे जास्त वळतात. पण ते रक्तामुळे की घरामुळे? स्वीडनमधल्या दत्तक मुलांवरचा २०१५चा अभ्यास सांगतो, की जन्मदात्यांचा प्रभाव असतो, पण वाढवणाऱ्या आईवडिलांचा साधारण दुप्पट. जेवताना कानावर पडणारी उधारी-वसुलीची बोलणीही शिकवणीच म्हणायची! ती नोकरीतही मिळते. अमेरिकेतल्या नव्या कंपन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याच क्षेत्रात आधी नोकरी केलेल्यांना यशाची शक्यता बरीच जास्त दिसली. पडताळायचंय? ओळखीच्या व्यावसायिकांना विचारा, पहिलं गिऱ्हाईक कुठून मिळालं? आणि भाव ठरवायला कुठे शिकलात?