पुढचा एक्सेल जोडतो कुठे, सुटतो कुठे

सातारा जिल्ह्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी, पिकअप फक्त हौसेपोटी घेतलेली नसते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला जाणाऱ्यांना किंवा पाटणच्या आतल्या वाड्यांवर सामान पोचवणाऱ्यांना जून ते सप्टेंबर पुढच्या चाकांची ओढ लागतेच. वर जांभ्यावरचा तांबडा निसरडा चिखल, खाली कृष्णाकाठी उसाच्या रानातली चाकाला चिकटणारी काळी माती. पण हीच गाडी संध्याकाळी माल भरून पुणे-बंगळूर महामार्गाला लागते, आणि तिथे पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद नुसती नको असते असं नाही, ती नुकसान करते. एकाच गाडीला ही दोन्ही कामं जमावीत, यासाठी शंभर वर्षं खटपट चालली आहे.

नुकसान का होतं, हे यवतेश्वर घाटातल्या एखाद्या वळणावर कळतं. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावर फिरतात, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापतात. बहुतेक पिकअपमध्ये पुढच्या-मागच्या एक्सेलच्या (चाकांच्या जोडीच्या आसाच्या) मध्ये डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी, नसतं. ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद एक्सेलपर्यंत नेणारे लांब दांडे) घट्ट जोडले जातात आणि एकाच वेगाने फिरतात. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून शाफ्ट पिळले जातात, टायर घासतात, स्टिअरिंग जड होतं आणि फोर व्हीलचा लिव्हर अडकून बसतो. अशा वेळी काही ड्रायव्हर लिव्हर जोर लावून ओढतात. तसं करू नये. गाडी थोडी सरळ मागे घेतली की पीळ उतरतो आणि लिव्हर आपसूक सुटतो.

सुरुवातीची अडचण मात्र वेगळीच होती. १९०३ मध्ये हॉलंडच्या स्पायकर कंपनीने चारही चाकांना ताकद देणारी मोटार बांधली. पुढे १९०८ च्या सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावच्या ओटो झाकाऊ आणि विल्यम बेसरडिश यांनी, वळणाऱ्या चाकापर्यंत ताकद नेणारा गोलाकार खोक्यातला जॉइंट बनवला. त्यातून उभ्या राहिलेल्या एफडब्ल्यूडी (फोर व्हील ड्राइव्ह) कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात चालले. चाक वळतंय आणि फिरतंयही, अशा स्थितीत शाफ्टचा वेग एकसारखा राखणं हा खरा पेच होता. तो १९२० च्या दशकात रझेपा आणि ट्रॅक्टा या जॉइंटनी सोडवला, आणि १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून जास्त बनलेल्या युद्धकालीन जीपमध्ये ते दोन्ही वापरले गेले.

आपल्याकडच्या फोर व्हीलची वंशावळ याच जीपपासून सुरू होते. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि पुढची कित्येक दशकं सरकारी खात्यांपासून बागायतदारांपर्यंत त्याच घराण्यातल्या गाड्या वापरल्या गेल्या. त्या जीपमध्ये गिअरच्या लिव्हरशेजारी आणखी दोन छोटे लिव्हर होते. एक पुढचा एक्सेल जोडायचा, दुसरा हाय-लोचा, म्हणजे नेहमीचा वेग की कमी वेग आणि जास्त ओढ हे ठरवणारा. पुढचा एक्सेल जोडल्याशिवाय लो पडतच नसे, कारण लो गिअरची सगळी ताकद एकट्या मागच्या एक्सेलवर गेली तर तो मोडण्याची भीती. ही अडवणूक ज्याने योजली त्याने ड्रायव्हरचा घाईतला हात ओळखला होता, असं मला वाटतं.

आता मुख्य मुद्दा. लिव्हर काढला की इंजिन पुढच्या एक्सेलपासून सुटतं, पण चाकं सुटत नाहीत. रस्त्यावर फिरणारी पुढची चाकं आपल्याबरोबर हाफ शाफ्ट (चाकापासून डिफरन्शिअलपर्यंतचा दांडा), क्राऊन-पिनियन (प्रोपेलर शाफ्टची ताकद एक्सेलकडे वळवणारे गिअर) आणि प्रोपेलर शाफ्ट फुकट फिरवत राहतात. डिझेल जळतं, सील आणि बेअरिंग झिजतात, आवाज येतो. युद्ध संपल्यावर स्वस्तात मिळालेल्या जीप अमेरिकेत शेतावर आणि रस्त्यावर पळू लागल्या तेव्हा हे खुपू लागलं. १९४८ मध्ये सिएटलच्या बाजूला आर्थर वॉर्न यांनी चाकाच्या तोंडाशीच सोडजोड करणारे हब काढले. हबवरची चकती हाताने फिरवली की आतली दातेरी कडी सरकते आणि चाक हाफ शाफ्टला धरतं. उलट फिरवली की चाक बेअरिंगवर एकटंच फिरतं. पुढच्या साऱ्या युक्त्या ट्रान्सफर केसनंतरची हीच दुसरी सोडजोड कुठे आणि कशाने करायची, याच्या आहेत.

हाताच्या हबमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नाही. त्रास एकच, खाली उतरावं लागतं, आणि तेही बहुधा गाडी रुतल्यावर, घोटाभर चिखलात. पावसाळ्यात पठाराच्या वाटेला लागतानाच हब लावून ठेवणारे ड्रायव्हर शहाणे. हब लावलेले असले तरी ट्रान्सफर केस टू व्हीलमध्ये असेपर्यंत डांबरावर नुकसान होत नाही, फक्त थोडं जास्त डिझेल जातं.

उतरण्याचा त्रास वाचवायला अमेरिकेतल्या कंपन्यांनी १९७० च्या दशकात काही ट्रकना मध्ये डिफरन्शिअल असलेलं कायमचं फोर व्हील दिलं. तेलाच्या टंचाईत ते जड पडलं आणि अनेक मालकांनी सुटे भाग घालून गाड्या परत जुन्या पद्धतीवर आणल्या. मग आपोआप लागणारे हब आले. हाफ शाफ्ट फिरू लागला की आतला उतार कडी ढकलतो आणि हब धरतो. सोडायला गाडी थोडी मागे घ्यायची. यातली खोट नेमकी अडचणीच्या वेळी दिसे. रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढताना दिशा बदलली की असे हब मध्येच सुटून पुन्हा धरत, दणका बसे. घाटातल्या माणसाला हे कसं परवडणार?

दुसरी वाट मला जास्त हुशारीची वाटते. चाकाशी काहीच सोडायचं नाही, एका बाजूचा, समजा उजवीकडचा, हाफ शाफ्टच दोन तुकड्यांत करायचा आणि मध्ये सरकती कडी ठेवायची. कडी सुटली की डावं चाक आपला शाफ्ट फिरवतं, डिफरन्शिअलमधले लहान गिअर उजवा आखूड तुकडा उलटा फिरवतात, आणि क्राऊन मात्र जागेवर थांबतो. क्राऊन थांबला म्हणजे प्रोपेलर शाफ्टही थांबला. एकाच जागी सोडून दोन्ही बाजूंचा भार हलका झाला. १९९० च्या दशकातल्या डॉज रॅम ट्रकमध्ये ही कडी व्हॅक्यूमने, म्हणजे नळीतून हवा ओढून घेतल्याच्या जोराने, सरकत असे. जनरल मोटर्सने १९८८ च्या पिकअपमध्ये याच कामाला उष्णता लावली. विजेने आतला वायू तापायचा, फुगायचा आणि दांडा ढकलायचा. थंडीत तो तापेपर्यंत ड्रायव्हर वाट पाहत बसे, म्हणून पुढे तिथे छोटी विजेची मोटर आली. टोयोटाच्या हायलक्स घराण्यात एडीडी (आपोआप सुटणारं डिफरन्शिअल) नावाने हीच कल्पना चालत आली आहे.

चालत्या गाडीत हे जमायला आणखी एक गोष्ट लागते. थांबलेला पुढचा प्रोपेलर शाफ्ट आधी गाडीच्या वेगाला आणावा लागतो, नाहीतर दाते किरकिरतात. विजेवर चालणाऱ्या, बोर्गवॉर्नर कंपनीच्या ट्रान्सफर केसमध्ये आधी चुंबकीय क्लच शाफ्टला वेगात आणतो, मग कडी बसते. डॅशबोर्डवरचं बटण फिरवल्यावर दिवा काही क्षण लुकलुकतो, तो याच कामासाठी. आपल्याकडे २००० नंतर स्कॉर्पिओ, मग झेनॉन, २०१६ पासून इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये हायलक्स आली, तसा दोन लिव्हरचा जमाना मागे पडून बटणाचा आला.

बटण आलं तरी एक प्रश्न गाडी घेताना विचारलाच पाहिजे: व्हॅक्यूमची नळी फुटली किंवा वायर तुटली तर पुढचा एक्सेल कोणत्या स्थितीत राहतो? २००४ पासूनच्या अनेक फोर्ड एफ-१५० मध्ये व्हॅक्यूम हब सुटा धरून ठेवतो. व्हॅक्यूम गेला की हब लागतो, म्हणजे चिखलात गाडी दगा देत नाही, पण नळी थोडीशीच गळत असेल तर सपाट रस्त्यावर अर्धवट लागलेल्या हबचे दाते घासून करकर करतात. त्याच कंपनीच्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये उलटं आहे. तिथे हब लावायलाच व्हॅक्यूम लागतो, तो नसेल तर दिवा फोर व्हीलचा आणि ओढ फक्त मागची. म्हणून तिथे हब हाताने फिरवायची सोयही ठेवली आहे. कुंभार्ली घाटातून रात्री भर पावसात माल घेऊन उतरणाऱ्याला हा फरक आधी माहीत असायला हवा. आणि पुढचा एक्सेल खरंच जोडला गेला की नाही, हे जाणायला मेकॅनिक लागत नाही. मोकळ्या मातीच्या मैदानात फोर व्हील टाकून, गाडी सावकाश चालवत कोणाला तरी बाजूने पुढच्या चाकांकडे पाहायला सांगावं. मागची चाकं माती उडवत असताना पुढची नुसती ढकलली जात असतील, तर दिवा काहीही सांगो, पुढचा एक्सेल जोडलेला नाही.