रोस्तोव्ह वेलिकी : सत्ता गेली, घुमट उरले

मॉस्कोहून ईशान्येला सुमारे 200 किलोमीटरवर नेरो नावाचं तळं आहे. त्याच्या काठावरचं रोस्तोव्ह आज तीसेक हजार वस्तीचं, पेंगुळलेलं गाव वाटतं. त्याला 'वेलिकी', म्हणजे 'महान', का म्हणतात हे स्टेशनवर उतरल्या उतरल्या कळत नाही. ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

रशियाच्या जुन्या बखरीत या गावाचा पहिला उल्लेख सन 862 च्या नोंदीत येतो. त्या वेळी मॉस्कोचं नावही कुठे नव्हतं. तिचा पहिला उल्लेख 1147 चा. नेरोकाठी तेव्हा मेर्या नावाचे फिनिश वंशाचे लोक राहत होते. स्लाव वसाहतकरी नंतर आले आणि हळूहळू मेर्या त्यांच्यात विरघळून गेले. ख्रिस्ती धर्म मात्र इथे सहजासहजी रुजला नाही. अकराव्या शतकात लिओंती नावाच्या बिशपला जुन्या देवांच्या भक्तांनी ठार मारलं, असं परंपरा सांगते. पुढे तोच या गावाचा संत झाला.

रोस्तोव्हची राजकीय भरभराट लवकरच ओसरली. इथला राजा युरी दोल्गोरुकी याने राजधानी सुझदालला नेली, त्याच्या मुलाने व्लादिमीरला. 1207 मध्ये रोस्तोव्हला पुन्हा स्वतंत्र राजघराणं मिळालं. पण 1238 मध्ये मंगोल आले, सिती नदीवरच्या लढाईनंतर राजा वासिल्को पकडला जाऊन मारला गेला, आणि नंतरच्या पिढ्यांनी वाटण्या करत करत राज्याचे तुकडे पाडले. शेवटी 1474 मध्ये उरलासुरला अर्धा हिस्सा वारसांनी मॉस्कोच्या इव्हान तिसऱ्याला चक्क विकून टाकला. लढाई नाही, वेढा नाही, सरळ खरेदीखत.

मग पर्यटक ज्यासाठी येतात ते पांढऱ्या तटांचं, रुपेरी घुमटांचं क्रेमलिन, म्हणजे तटबंदीचा गढीवजा वाडा, कोणत्या राजाने बांधलं? कोणत्याच नाही. राजे संपल्यावर दोनशे वर्षांनी ते एका धर्मगुरूने बांधलं, आणि माझ्या मते या गावाच्या इतिहासातला सगळ्यात रंगतदार माणूस तोच आहे.

योना सिसोयेविच एका खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा. 1652 मध्ये तो रोस्तोव्हचा मेट्रोपोलिटन, म्हणजे त्या प्रांताचा सर्वोच्च धर्माधिकारी झाला. पुढे मॉस्कोत पेट्रिआर्क, म्हणजे रशियन चर्चचा प्रमुख, निकोन आणि झार अलेक्सेई यांचं बिनसलं, तेव्हा रिकाम्या झालेल्या गादीचा कारभार योनाकडे सोपवला गेला. 1664 च्या डिसेंबरात निकोन अचानक मॉस्कोच्या मुख्य कॅथेड्रलमध्ये येऊन उभा राहिला. योनाने जुन्या सवयीने म्हणा किंवा गोंधळून म्हणा, पुढे होऊन त्याचा आशीर्वाद घेतला. झारची मर्जी तिथेच गेली. प्रभारीपद काढून घेतलं आणि योना आपल्या गावी परतला. मॉस्कोची दारं बंद झालेल्या या माणसाने मग सगळी ताकद बांधकामात ओतली.

1670 ते 1683 या काळात तट, बुरूज, दरवाजांवरची देवळं, राहती दालनं आणि बाग असा सबंध वाडा उभा राहिला. त्याचे बुरूज लढाईसाठी नव्हतेच. नक्षीदार चौकटींच्या खिडक्या पाहिल्या की ते लगेच ध्यानात येतं. तोफगोळ्यांची धास्ती असलेला माणूस तटाला असा साज चढवत नाही. आत देवळांच्या भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या आहेत. तटाबाहेर शेजारीच पाच घुमटांचं, सोळाव्या शतकातलं उस्पेन्स्की कॅथेड्रल आहे.

कॅथेड्रलजवळ योनाने 1680 च्या दशकात घंटाघर बांधलं आणि त्यासाठी घंटा ओतवल्या. रशियात घंटा हलत नाही, जागच्या जागी टांगलेली असते. वादक दोरीने आतला लोळा हलवतात. त्यामुळे कितीही अवजड घंटा टांगता येते. 1688 मध्ये ओतलेली सर्वांत मोठी घंटा 2000 पूड, म्हणजे सुमारे 32 टन वजनाची आहे. योनाने तिला आपल्या वडिलांचं नाव दिलं : सिसोय. एवढी मोठी घंटा खेड्यातल्या एका पाद्र्याच्या नावाने! आज तिथे 15 घंटा आहेत आणि त्यांवर वाजवायच्या ठरावीक 'चालीं'पैकी एक योनाच्या नावाने ओळखली जाते.

योना 1690 मध्ये गेला. शंभर वर्षांच्या आत, 1780 च्या दशकात, धर्मपीठ यारोस्लाव्हलला हललं आणि वाडा ओस पडला. दालनं गोदामं म्हणून भाड्याने गेली, छपरं गळू लागली, सगळं पाडून टाकण्याचाही विचार झाला. गाव मात्र तेव्हाही पैसा राखून होतं : इथली जत्रा रशियातल्या मोठ्या जत्रांमध्ये गणली जाई, आणि तळ्याच्या सुपीक गाळावर कांदा-भाजीपाला पिकवणारे रोस्तोव्हचे माळी दूरवर नावाजलेले होते. अखेर याच गावच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून डागडुजी सुरू केली आणि 1883 मध्ये 'श्वेत दालना'त संग्रहालय उघडलं. ऑगस्ट 1953 मध्ये आलेल्या वादळाने घुमट आणि छपरं उडवून दिली. नंतरच्या जीर्णोद्धारात मधल्या काळातली भर काढून इमारतींना पुष्कळसं सतराव्या शतकातलं रूप परत दिलं गेलं. म्हणजे आज दिसणारं 'जुनं' रूप काही अंशी त्या वादळाची कृपा आहे.

त्यानंतर वीसेक वर्षांनी सोव्हिएत सिनेमावाल्यांनी एका गाजलेल्या विनोदी चित्रपटात याच वाड्याला झार इव्हान द टेरिबलचा मॉस्कोतला राजवाडा म्हणून दाखवलं. इव्हान 1584 मध्ये वारला, योनाचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. पण प्रेक्षकांनी ते चालवून घेतलं. 1967 मध्ये एका पत्रकाराच्या लेखमालेतून 'सुवर्ण वलय' ही मॉस्कोच्या ईशान्येकडच्या जुन्या गावांची पर्यटनयात्रा रूढ झाली आणि रोस्तोव्ह तिच्यातलं एक ठरलेलं ठिकाण बनलं.

जाणाऱ्यांनी तिकीट काढताना जपावं. दक्षिणेला डॉन नावाच्या नदीवर दुसरं, दहा लाखांहून अधिक वस्तीचं रोस्तोव्ह आहे. त्याचं नावही इथूनच गेलेलं : 1761 मध्ये तिथे बांधायला घेतलेल्या किल्ल्याला योनानंतरच्या काळातला इथला मेट्रोपोलिटन, संत दिमित्री रोस्तोव्हस्की याचं नाव दिलं होतं. त्याचं समाधिस्थान मात्र इथेच, तळ्याकाठच्या स्पासो-याकोव्हलेव्हस्की मठात. स्टेशनचं नाव 'रोस्तोव्ह-यारोस्लाव्हस्की' असेल तर गाडी बरोबर आहे.