कन्व्हर्टरच्या आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन सेन्सर

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये किमान दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. एक मॅनिफोल्डजवळ (इंजिनमधून धूर बाहेर पडतो त्या नळ्यांजवळ), म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला असतो आणि दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर. पुष्कळदा ते दिसायला इतके सारखे असतात, की काढून शेजारी ठेवल्यास वायरच्या लांबीवरून किंवा कनेक्टरवरूनच ओळखावे लागतात. कामे मात्र निराळी आहेत. पहिल्याच्या सांगण्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंधनाचे प्रमाण सतत कमीजास्त करत असतो, तर दुसरा मुख्यतः कन्व्हर्टर नीट काम करतो आहे की नाही, यावर नजर ठेवतो. त्यामुळे एकाचा जो आलेख निरोगी समजायचा, तोच दुसऱ्याच्या बाबतीत बिघाडाची खूण ठरतो, आणि हा फरक लक्षात न घेतल्यामुळे चांगले सेन्सर विनाकारण बदलले जातात.

नेहमीच्या झिर्कोनिया सेन्सरचे व्होल्टेज मिश्रण लीन असेल, म्हणजे धुरात ऑक्सिजन शिल्लक राहिला असेल, तर ०.१ व्होल्टच्या आसपास असते आणि मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त, असेल तर ०.९ च्या आसपास जाते. हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ असते त्या सीमेवर ते सुमारे ०.४५ व्होल्ट भरते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पहिल्या सेन्सरचा आलेख स्कॅनरवर (ईसीयूमधील माहिती दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहिला, तर तो या दोन टोकांमध्ये सारखा वरखाली होताना दिसला पाहिजे. जुना झालेला सेन्सर ही हालचाल करतो, पण रेंगाळत करतो. त्या संथपणाबद्दल ईसीयूमध्ये पी०१३३ हा बिघाडाचा कोड येतो आणि बहुधा ॲव्हरेजही घसरते.

दुसऱ्या सेन्सरने मात्र शांत राहायचे असते. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे आधीचे चढउतार तिथे पोहोचेपर्यंत विरून जातात आणि व्होल्टेज साधारण ०.६ ते ०.७ वर स्थिर राहते. ते पहिल्याच्या तालावर नाचू लागले, तर संशय आधी कन्व्हर्टरवर घ्यावा. कन्व्हर्टर कमी काम करतो असे सांगणारा पी०४२० कोड आल्यावर स्वस्त पडतो म्हणून दुसरा सेन्सर बदलून पाहण्याची पद्धत सर्रास आढळते. माझ्या मते ती पैशाची नासाडी आहे, कारण इतक्या चपळाईने वरखाली होणारा सेन्सर आपण जिवंत असल्याचाच पुरावा देत असतो.

अडचण अशी, की मेलेल्या सेन्सरची रेषाही स्थिरच असते. दोन्हींतला भेद ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. गाडी गिअरमध्ये वेगात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की इंधनपुरवठा तोडला जातो आणि एक्झॉस्टमधून निव्वळ हवा जाते. दुसरा सेन्सर धडधाकट असेल, तर त्याचे व्होल्टेज थोड्याच वेळात शून्याजवळ उतरते आणि पुन्हा जोराने ॲक्सिलरेटर दाबल्यावर वर चढते.

पहिला सेन्सर ०.१ वर चिकटलेला दिसला, तरी त्यालाही लगेच दोषी ठरवू नये. व्हॅक्यूम पाइपला चीर, इंधनाचा कमी दाब, मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न जळणे) किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला असलेली गळती, यांपैकी कशामुळेही धुरात खरोखरच जास्त ऑक्सिजन पोहोचतो. एकदम ॲक्सिलरेटर देऊन मिश्रण रिच केल्यावर व्होल्टेज झटक्यात ०.८ च्या वर गेले, तर सेन्सर खरे बोलतो आहे आणि दोष इतरत्र शोधावा.

सेन्सरला गरम करणाऱ्या आतल्या हीटरचा बिघाड दोघांत सारखाच होतो. कोड पी०१३५ असेल तर पहिला, पी०१४१ असेल तर दुसरा. आधी फ्यूज पाहावा, मग कनेक्टर काढून सेन्सरच्या बाजूला एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये रोध मोजावा. थंड असताना तो काही ओहम भरतो. मीटरने काहीच जोड दाखवला नाही, तर हीटर तुटला आहे.

पाच किंवा सहा वायरींचा वाइडबँड सेन्सर (मिश्रण नेमके किती लीन किंवा रिच आहे ते मोजणारा) बहुधा पहिल्या जागी असतो. त्याला व्होल्टचे वरील आकडे लागू पडत नाहीत आणि त्याच्या जागी साधा सेन्सर चालत नाही, मग आटे जुळोत वा ना जुळोत.

बदलताना बहुतेक वेळा २२ मिलिमीटरचा, वायरीसाठी खाच असलेला सॉकेट लागतो. इंजिन किंचित कोमट असताना आटे सहज सुटतात. नव्या सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) आधीच लावलेले नसेल तरच ते लावावे, आणि टोकाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा क्लीनर मारणेही टाळावे, कारण पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतूनच घेतात. कोड पुसल्यानंतर चेक इंजिनचा दिवा काही काळ बंद राहणे स्वाभाविक आहे. ईसीयूची सेन्सरबद्दलची आणि कन्व्हर्टरबद्दलची तपासणी पूर्ण होऊन स्कॅनरवर तसे दिसेपर्यंत, म्हणजे अनेकदा गाडीच्या बऱ्याच फेऱ्या होईपर्यंत, दुरुस्ती झाली असे धरू नये.